गाडी काढायची

आमच्या चिखलीच्या अंगणातल्या फरशीवर तीन डाग होते. पहिला इंजिनाखाली, काळा आणि पसरट. दुसरा रेडिएटरखाली, हिरवट, वाळला की पांढरी कड सोडणारा. तिसरा मागच्या चाकाजवळ होता. मधाच्या रंगाचा, बोटाला इंजिनाच्या तेलापेक्षा पातळ लागणारा. पहिल्या दोन डागांनी खिसा रिकामा होतो. तिसऱ्याने माणूस जातो. तो ब्रेकचा होता.

मी चाकणच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत आहे. मोडलेले सुटे भाग तपासून ते का मोडले ते लिहिते. माझ्या वाक्याचे दोन अर्थ निघत नाहीत, असा तिथे माझा लौकिक आहे. त्यामुळे सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, जुनी सात सीटची डिझेल गाडी घरातून घालवायचं काम मी एका वाक्यात उरकणार होते. फक्त एका!

ही गाडी आप्पांनी रहाटणीच्या एका कंत्राटदाराकडून घेतली, तेव्हाच ती मध्यमवयीन होती. शर्यतीचा शेवटचा बैल गेल्यानंतर गोठा रिकामा दिसायला लागला म्हणून घेतली. आजही सुरू करण्याआधी ते बॉनेटवर थाप मारतात. गाडी त्यावर बैलासारखीच फुरफुरते आणि काळा धूर सोडते. तिचे इंजेक्टर बदलून झाले, टर्बो उघडून झाला. खालचे बुश तर गणराज मेस्त्री फराळासारखे दर दिवाळीला ताजे घालतो. त्याच्या गॅरेजवर पूर्वी पत्रा होता, आता स्लॅब आहे. तो स्लॅब आमचा आहे, असं मी मानते.

ब्रेकचं कामही झालं होतं. पण मागची नळी आतून गंजलेली, आणि तो भाग आता मिळत नाही. डाग परत आला. आणि आप्पा, सत्तरी ओलांडलेले, हीच गाडी चाकण रस्त्याला कंटेनरांच्या मधून चालवत होते.

अडचण एकच होती. आमच्या घरात दिवा विझत नाही, शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि काहीही 'विकलं' जात नाही. जमीन 'गेली'. बैल 'पाहुण्यांकडं दिला'. अशा घरात सुनेने सासऱ्यांना 'गाडी विका' कसं म्हणायचं? मी पुष्कळ विचार करून सौम्य शब्द निवडला.

रविवारी चहाच्या वेळी म्हणाले, "आप्पा, आता गाडी काढायला हवी."

आप्पांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चेहरा गंभीर झाला. मग ते उठले आणि त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली.

"कुठं जायाचं?"

"नाही, म्हणजे..."

"जयमालाकडं जाऊ की चाकणला!" सासूबाई म्हणाल्या. जयमाला म्हणजे त्यांची बहीण. "मंजुषाला बी तेवढीच हवा लागंल!"

मी रोज कंपनीच्या बसने चाकणलाच जाते. तिथली हवा मला ओळखते. पण सासूबाईंनी लाडवांचा डबा भरायला घेतला होता.

मोशी ओलांडली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. मागे कंटेनरांचे हॉर्न सुरू झाले, जणू आमची वरात अडली होती. गणराज टोचन लावायला आला तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला लाडू खात होतो.

"ताई, हेड गॅस्किट उडालं," तो म्हणाला. "मोठं काम आहे."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकला तेल टाकलंय की!"

मी मार्ग बदलला. संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला तेव्हा हळूच म्हणाले, "अहो, आपण गाडी काढू या."

कुलदीपने हेल्मेट काढलं. डोळ्यांत पाणी होतं. "अगं, मी कधीपासून म्हणणार होतो! रंग कुठला?"

"रंग?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे नवी गाडी कोणी घेत नाही, काढतात! मी खुलासा करेपर्यंत त्याने आईला सांगितलं होतं आणि आईने भिंतीवरून शेजारी. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका पेढे मागायला आल्या. नसलेल्या गाडीचे पेढे मी स्वतः वाटले.

"अहो, काढू म्हणजे घालवू म्हणत होते मी!"

"मग आप्पांना सांग ना."

"तुम्ही सांगा. तुमचे वडील आहेत."

"म्हणून तर!" तो म्हणाला आणि त्याने आठवडाभराचा ओव्हरटाइम घेतला.

इकडे आप्पांनी फर्मान काढलं. "नवी येऊ द्या. पर जुनी तिच्या शेजारी भिकाऱ्यावानी न्हाई दिसली पायजे." नवं गॅस्किट बसलं आणि गाडी रंगवायला गेली. ब्रेकचा भरवसा नसलेल्या गाडीला लाल रंग चढला आणि मागच्या काचेवर दोन मोर आले.

तेवढ्यात गणराजचा फोन. "ताई, रंग झाला, पण क्लच घसरतोय. काय करू?"

माझा संयम संपला. "गणराजभाऊ, काढूनच टाका एकदाची!"

संध्याकाळी गॅरेजवर गेले तर इंजिन साखळीला लटकत होतं आणि गिअरबॉक्स फरशीवर पडला होता.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, काढा!" गणराज दुखावला. "दोघं लावून काढलंय!"

सगळं परत बसलं. नवा क्लच आला. गाडी लाल होऊन दारात उभी राहिली आणि सासूबाईंनी पूजा मांडली. अंगण गोठ्याकडून फाटकाकडे उतरतं आहे. चाकांखाली लिंबं ठेवली. आप्पा नवं उपरणं घेऊन आत बसले आणि त्यांनी हँडब्रेक सोडला.

लिंबं फुटली. गाडी निघाली. आप्पांनी ब्रेक दाबला. पाय तळाला गेला आणि तिथेच राहिला.

गाडी वेगात नव्हती. नवरदेवाच्या घोड्याइतक्या संथ चालीने निघाली. सासूबाईंना वाटलं, असंच असतं. त्या आरती ओवाळत शेजारून चालू लागल्या. मी धावले. फाटक उघडं होतं. बाहेरून खडीचा डंपर गेला, आणि त्याच क्षणी आमच्या गाडीने फाटकाच्या खांबाला डोकं टेकवलं. खांब वाकला. गाडी थांबली.

आरतीचं निरांजन अजून जळत होतं.

"आप्पा! लागलं का?"

"न्हाई." त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, हात जोडतो. आता म्या ही गाडी न्हाई काढायचो. तू कितीबी म्हन."

"मी?"

"मग कोण? रविवारी तूच म्हनलीस, काढा. काढली. गणराजला बी तूच म्हनलीस. मला कवाधरनं भ्या वाटतंय हिचं. पर म्हनलं, सुनंला गाडीचा लई नाद हाय. शिकलेली पोरगी, कधी काय मागत न्हाई. तिचं मन कशाला मोडा?"

"माझं तर बसताना काळीज हालतं!" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यापायी बसत हुते बाई!"

कुलदीप वाकलेल्या खांबाकडे फार बारकाईने पाहायला लागला.

मी खाली पाहिलं. मधाच्या रंगाचा डाग आता डाग नव्हता. गोठ्यापासून फाटकापर्यंत सरळ, स्वच्छ रेघ होती. इतकं स्पष्ट वाक्य मला जमलं नव्हतं.

"आप्पा," मी सवयीने सुरुवात केली, "ही गाडी आता काढाय..."

आप्पांनी दोन्ही हात वर केले.

मी थांबले. श्वास घेतला.

"विकायची, आप्पा. भंगारात विकायची."