सरनौबतांच्या मोडलेल्या नावाची हकीकत

ज्या गणरायाची नावे सहस्र आणि एकही कोणास मोडता येत नाही, त्यास नमन करून लिहिले ऐसे जे, शके सोळाशे एकावन्न, सौम्यनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध दशमीस एका राज्यी दरबार भरला. तेथील रीत ऐशी की, सोने लुटून जाहल्यावर नकल्याने उभे राहून थोरांची नावे मोडावी आणि थोरांनी ते गोड मानावे. दिवाण चिंतोपंत सदा आंबट मुख करीत, त्यांस नकल्या 'चिंचोपंत' म्हणाला आणि दरबार हसला. मग सैन्याचे मुख्य सरनौबत समशेरराव, तलवारीस थोर परंतु ताटावर अधिक थोर, त्यांस 'सव्वाशेरराव' म्हणाला, तेव्हा तेच सर्वांआधी हसले आणि बोलिले, "गड्या, लाडू मोजलेस की काय?"

"सरकार, मोजणारा दमला," नकल्या म्हणाला.

मग ते नाव छावणीत गेले, बाजारात गेले, आणि पौषमासी एक कोष्टी "सव्वाशेरराव चालले" म्हणाला, तो कोणी हसले नाही. तेव्हा नकल्यास भय वाटले. खरे नाव मागे ऐकू येते तोवरच मोडके नाव हसविते, हे धंद्याचे मर्म त्यास ठाऊक होते. त्याने विचारिले, "यांचे खरे नाव काय रे?"

"हेच की," कोष्टी म्हणाला.

नकल्याने आठवू पाहिले, त्यासही आठवेना. सरनौबतांचा शिक्का पाहिला, त्यावरही तेच कोरलेले.

माघात सरनौबत वारले. दहावे दिवशी घाटावर पिंड ठेविला आणि झाडावर शेकडो कावळे येऊन बैसले, परंतु एकही ओरडेना, एकही उतरेना. मुलाने सर्व वचने दिली, तरी उतरेना. भटजी बोलिले, "दर्भाचा कावळा करून शिववू, परंतु पिंड कोणाच्या नावे द्यावा? सव्वाशेरराव ऐसा कोणी जन्मलाच नाही."

मग सरनौबतांच्या बाईसाहेब घाटावर आलेल्या नकल्याकडे वळून हळू बोलल्या, "स्वारींचे नाव तू नेलेस. उपाशी उभे आहेत. आणून दे."

"बाईसाहेब, मजपाशी नाही."

"नावाच्या बदली नाव लागते," भटजी त्याकडे न पाहता म्हणाले.

तेव्हा नकल्या गुडघाभर पाण्यात उतरला आणि ओंजळ भरून आपले नाव एकवार स्पष्ट उच्चारिले आणि पाणी सोडिले. तोच मुलाचे मुखी "समशेरराव" आले, सर्वांचे मुखी आले, आणि एक कावळा उतरून पिंडास शिवला.

मग नकल्या घरी आला. आई जोंधळे पाखडीत होती. तिने मान वर केली, "आलास का रे..." म्हणाली, आणि तोंड तसेच उघडे राहिले. बहुत वेळ त्यास न्याहाळून तिने सूप बाजूस ठेविले आणि बोलली, "बसा पाहुणे. पाणी देते."

येणेप्रमाणे सरनौबतांस गती मिळाली आणि राज्य सुखी राहिले. नकल्या पुढे पुष्कळ वर्षे जगला. मेला तेव्हा त्याचा दहावा जाहला नाही, कारण पिंड कोणाच्या नावे ठेवावा, हे कोणास ठाऊक नव्हते.