चार बोटं रस्ता

"महिन्याभरात बस दारात आणून उभी करतो! नाही केली तर शिंपी म्हणवून घेणार नाही!"

मास्तरांनी ही गर्जना केली तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती, म्हणून बायको काही बोलली नाही. एरवी बोलली असती.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. चाळीस वर्षं मापं घेतल्यामुळे समोरच्या माणसाची त्यांना आधी कंबर दिसते, मग चेहरा. बसथांबा त्यांच्या दुकानासमोरच. म्हणजे, होता! थांब्यापुढे असा खड्डा पडला की ड्रायव्हरांनी हात टेकले आणि बस हमरस्त्यानेच जायला लागली. बाकीचे चालत गेले दहा मिनिटं, त्यांचं काय! पण मास्तरीणबाईंचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. आठवड्यातून तीनदा इस्पितळात व्यायामाला जायचं, आणि त्या व्यायामापर्यंत पोचण्यातच निम्मा जीव जायचा. गल्लीच्या टोकापर्यंत त्या चार ठिकाणी टेकायच्या. मास्तर मशीनवरून ते बघायचे आणि त्यांची शिलाई वाकडी जायची.

तर मास्तर तडक नगरपालिकेत गेले.

"खड्डा आमचा नाही," कारकून म्हणाला. "म्हणजे सगळा नाही. गटाराकडचा आमचा, मधला राज्याचा. पलीकडची कड पुलाच्या योजनेत गेलीये, ती केंद्राची."

"एका खड्ड्यात तीन सरकारं?"

"सुखाने नांदतायत हो!"

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून घरी आला असता. मास्तर खुर्ची ओढून बसले. त्यांना मोठी मौज वाटायला लागली होती.

"मग बस कोणाची?"

"गाडी केंद्राच्या अनुदानातली. डिझेलला राज्य हातभार लावतं. ड्रायव्हरचा पगार आमच्याकडे."

"आणि तिकिटाचे पैसे?"

"ते सुटे नसतात."

त्या दिवसापासून मास्तरांचं रस्त्याने सरळ चालणं संपलं. दिव्याचा खांब दिसला की थबकायचे. हा कोणाचा असेल? आणि वरचा दिवा? जेवताना घास हातातच राहायचा. "अगं, गंमत ऐक! फूटपाथ पालिकेचा, पण त्याच्या फरश्या राज्याच्या पैशातल्या!"

"आणि माझा गुडघा कोणाच्या योजनेत येतो?" बाई विचारायच्या. "तेवढं विचारून या उद्या."

अडचण अशी होती की तिन्ही कार्यालयांकडे रस्त्याचे तीन नकाशे होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. आपल्या हद्दीबाहेर चमचाभर डांबर टाकायला कोणी तयार नाही. शेवटी कारकुनानेच तोडगा काढला. "तिघांना मान्य होईल असा एकच नकाशा आणा. सह्या मी मिळवून देतो."

"माप घेणं? अहो, हा तर माझा धंदा!"

रविवारी सकाळी मास्तर गळ्यात टेप अडकवून रस्त्यावर ओणवे झाले. रुंदी एकवीस फूट. बेतायच्या खाकी कागदावर त्यांनी झोकात नकाशा काढला. पालिकेचा पट्टा निळ्या खडूने, राज्याचा लाल, केंद्राचा पिवळा. खाली स्वतःची लफ्फेदार सही. साहेबलोक बघतच राहिले! "इतकी स्वच्छ रेघ आमच्या खात्यात कोणी मारत नाही," असं म्हणत तिघांनी शिक्के मारले, आणि महिना संपायच्या आत तिघांनी आपापला पट्टा गुळगुळीत करून दिला. अगदी रेघेपर्यंत. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही.

पण रस्ता तयार झाला आणि गल्ली बघायला बाहेर आली. तीन पट्ट्यांच्या मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन लांबलचक चरी! चार बोटं रुंद, वीतभर खोल. पोस्टमनची सायकल एका चरीत शिरली ती वळेचना. बिचारा घंटी वाजवत, सगळ्यांची पत्रं घेऊन, सगळ्यांच्या दारावरून थेट न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला. बसच्या ड्रायव्हरने लांबूनच हात जोडले.

राज्याचे इंजिनियर नकाशा घेऊन दुकानात आले. "मास्तर, दोन पट्ट्यांच्या मध्ये ही जागा कसली सोडलीत?"

मास्तरांनी चष्मा लावला. नकाशा बघितला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

"ती... ती माया आहे साहेब."

"काय आहे?"

"शिवणीतली माया. कापड बेतताना दोन तुकड्यांच्या मध्ये सोडतो आम्ही जास्तीचं. पुढेमागे गिऱ्हाईक सुटलं तर कपडा सैल करता येतो. हाताला सवय हो! चाळीस वर्षांची!"

"रस्ता सैल करणार होता तुम्ही?"

मास्तर गळ्यातली टेप गुंडाळायला लागले. इंजिनियर साहेबांनी हात वर केले. नकाशावर तीन शिक्के, बदलायचा तर वर्ष जाईल. चरी कोणाच्याच हद्दीत नाहीत, म्हणजे खर्चही कोणाचाच नाही. "पण एक आहे," ते हळूच म्हणाले, "कोणाच्याच नाहीत, तर बुजवायला परवानगी तरी कोणाची लागणार?"

मास्तरांनी दुकान आठ दिवस बंद ठेवलं. सिमेंट, खडी, घमेलं. बाई स्टुलावर बसून सांगायच्या, "तिकडे कमी पडलं बघा. अहो, आता त्यात टाचण्या नका लावू!" एका संध्याकाळी मास्तर मातीने माखून पायरीवर टेकले तेव्हा बाईंनी त्यांच्या पाठीला तेल लावलं. मास्तरांना भरून आलं. कमरेचंही असेल थोडं.

आणि बाईंच्या व्यायामाच्याच दिवशी बस आली! चकचकीत, छोटी, वीस आसनांची. कारकुनाने तिन्ही सरकारांना वर्दी दिली होती, त्यामुळे तीन साहेब, त्यांचे सहायक आणि सहायकांचे सहायक हजर. फीत कापली, टाळ्या पडल्या. "मास्तर, पहिल्या फेरीला तुम्ही हवेतच!" म्हणून सगळ्यांनी त्यांना उचलूनच आत घेतलं आणि खिडकीशी बसवलं. मास्तरांची छाती फुगली. शेजारच्या साहेबांना त्यांनी लगेच विचारलं, "का हो, ही सीट कोणाच्या निधीतली?" साहेबही खुलले. गाद्या, काचा, टायर, एकेकाचा उगम निघाला. बोलता बोलता इस्पितळ कधी आलं ते कळलंच नाही.

मास्तर ऐटीत उतरले. व्यायाम घेणाऱ्या ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या मागे वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

"काका, आणि काकू?"

मास्तरांनी मागे पाहिलं. बसमधून फक्त साहेब उतरत होते.

"येतेय," ते जमिनीकडे बघत पुटपुटले. "मागून... चालत."