वामनराव आणि मालाची छत्री

आमच्या डोंबिवलीच्या चाळीतले वामनराव केळुसकर जुना सदरा टाकायचे, तेव्हा आधी त्याच्या बाह्या कापायचे, मग पाठ उभी फाडायचे आणि उरलेल्या चिंध्या बंबात घालायचे. एकदा मी कारण विचारलं, तर माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "शत्रूच्या हाती अख्खं कापड लागता कामा नये."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. डोंबिवलीवर चाल करून यावं असं कुणाच्या मनात असेल, असं मला तरी वाटत नव्हतं. जुन्या कपड्यांसाठी आमच्याकडे यायची ती फक्त बोहारीण. तीही त्यांचं दार वगळून पुढे जायची. "त्या बाबाच्या घरात एक बी धड चिंधी नाय," म्हणायची.

या सगळ्याचं मूळ लढाईत होतं. वामनराव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मालाच्या छत्र्या सांभाळायला होते. माणसांच्या नव्हेत, विमानातून तांदूळ, डाळ, काडतुसं खाली सोडायच्या पॅराशूटच्या. पडलेली छत्री गोळा करायची, झटकायची, उंच टांगून वाळवायची, उजेडाला धरून भोकं शोधायची, शिवायची, घडी घालायची. आणि जी परत आणता येणार नाही ती तिथेच फाडून जाळायची, नाहीतर जपानी तिचे तंबू करणार. पुढे लढाई संपली, वामनराव ठाण्याच्या कचेरीत कारकून झाले, पण छत्र्या काही डोक्यातून गेल्या नाहीत.

चाळीतल्या बायकांना त्यांचा भारी जाच. कुणी दोरीवरचं लुगडं जरा दमट असताना काढलं, की गॅलरीतून आवाज यायचाच, "ओली घडी म्हणजे कुजकी घडी!"

माझी बायको एकदा चिडलीच. "भावोजी, हे लुगडं विमानातून टाकायचं नाहीये."

"आज नाहीये," वामनराव शांतपणे म्हणाले.

वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमतीचं लग्न ठरलं. मुहूर्त असा, की त्या दिवशी अर्ध्या डोंबिवलीत लग्नं. मांडववाल्याने आयत्या वेळी हात वर केले. अंगणात सावलीला एक झाड नाही, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि वरपक्ष नाशिकचा, नाकाने कांदे सोलणारा. आई रडकुंडीला आली. मी तसाच कल्याणला धावलो आणि लष्करी मोडीत विकणाऱ्याकडून एक भलीमोठी पांढरी मालाची छत्री घेऊन आलो. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

वामनरावांनी ती अंगणात पसरली, एकेक पट्टा उजेडाला धरला आणि निकाल दिला. "नापास. तीन पट्टे कुजलेत. वारा भरला की टरकन जाईल."

"मग आता?"

"नापास छत्री अशी सोडायची नसते," म्हणत त्यांनी सगळा पसारा खोलीत ओढून नेला आणि आतून कडी घातली. थोड्याच वेळात कात्रीचा आवाज येऊ लागला.

आईने दार बडवलं. "अहो वामनराव, माझ्या पोरीच्या मांडवाशी कसलं वैर तुमचं?"

आत कात्री चालूच. मग ती थांबली आणि शिवणयंत्राचा खडखडाट सुरू झाला.

दिवेलागणीला दार उघडलं. कुजलेल्या पट्ट्यांपैकी दोहोंच्या जागी वामनरावांची नवीकोरी धोतरं बसली होती. तिसरा पट्टा पिवळाधमक होता. अख्ख्या चाळीला दटावणारा हा माणूस आईसमोर मान खाली घालून उभा होता.

"काकू, तिसरं धोतर नव्हतं. ही आमच्या हिची अष्टपुत्री. लग्नातलं पिवळं लुगडं. मी तिकडे असताना ती गेली. तुम्हाला चालत नसेल तर उसवतो."

वामनरावांचं लग्न झालं होतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आई सोवळ्याओवळ्याची फार कडक. ती काय म्हणते इकडे सगळ्यांचे कान. ती आत जाऊन करंडा घेऊन आली आणि त्या पिवळ्या पट्ट्याला हळदीकुंकू लावलं.

"अहेव गेली हो ती," आई म्हणाली. "तिची सावली माझ्या सुमतीवर पडू दे. हा पट्टा बरोब्बर बोहल्यावर आला पाहिजे, सांगून ठेवते."

सकाळी दोर ओढले, वारा भरला आणि छत्री टम्म फुगली. पोरांनी टाळ्या पिटल्या, नाशिककर माना वर करून बघतच राहिले. माझं आखूड धोतर नेसलेले वामनराव "सावकाश! हिसका नको!" करत सगळीकडे नाचत होते.

अंतरपाट धरला, तेव्हा कुठे ते माझ्या शेजारी येऊन थांबले. वर बघत म्हणाले, "दर पत्रात विचारायची, उघडल्यावर छत्री दिसते तरी कशी? मी लिहायचो, रजेवर आलो की सांगेन."

मी शेजारी आहे, हे ते विसरलेच होते. त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "अशी दिसते बघ."