हरणीची वेळ कोऱ्यांकडे उतरली

हरणीची योग्य वेळ सोमवारी दुपारच्या एसटीने आली आणि शेजारी कोऱ्यांच्या घरी उतरली.

इराप्पा बिराजदारला हे कळलं तेव्हा तो अंगणात कोतवालला पाणी दाखवत होता. कोतवाल हा जतकडचा नामांकित कारवान कुत्रा. हरणीशी जोडी लावायला त्याला मालकासकट खास टेम्पोतून आणलं होतं. हरणी त्याच जातीची, हरणासारख्या पायांची. तिच्या आईचं सगळं वाण संपलं होतं, उरली होती ती एकटी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वय झालंय तिचं. ही शेवटची खेप. यानंतर नको."

त्यांनी सकाळीच रक्त तपासलं होतं. इराप्पानं तिथूनच त्यांना फोन लावला.

"वेळ आलीय, असं रिपोर्ट सांगतो," त्या म्हणाल्या.

"आलीय ओ बाई, पण कोऱ्याच्या कट्ट्यावर बसलीय!"

"कुठं आलीय ते रक्तात दिसत नाही, बिराजदार."

इराप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या खेपेलाही वेळ येऊन गेली होती. तो दुपारचा झोपला होता, तिनं कडी वाजवली आणि परत गेली. या खेपेला तो पापणी न लववता दारात बसून होता. आणि हा प्रकार!

तो तरातरा कोऱ्यांकडे गेला. वेळ म्हणजे सफारी घातलेले, मध्यम वयाचे, नीट भांग पाडलेले गृहस्थ. ते बशीतून चहा पीत होते. पायाशी कोऱ्यांची म्हातारी कुत्री चंद्री. तोंडात दात नाही, पण शेपूट एका अंगाला वळवून नव्या नवरीसारखी उभी. फाटकाबाहेर गावातली सगळी कुत्री जमली होती.

"साहेब, तुम्ही हरणीची वेळ ना?"

"हो."

"मग इथं काय करताय?"

"यांनी या म्हटलं."

"अण्णा, दारात आलेल्या माणसाला या म्हणायचं नाही का?" कोरे म्हणाला.

"माणसाला म्हण! ही माझ्या कुत्रीची वेळ आहे!" इराप्पा ओरडला. "आणि साहेब, घर सापडेना तर विचारायचं होतं की!"

वेळेनं बशी खाली ठेवली. "वेळ कुणाला विचारत नाही. लोक वेळ विचारतात. आणि तुमच्या दारात मी एकदा उभा राहून गेलोय. उन्हात. त्याचं कुणी काही बोललं?"

इराप्पा आणखी चिडला. शेवटी त्याची बायको गौरव्वा डोक्यावरचा पदर सावरत आली. "मागं चुकलं आमचं. चला, पाय धुवायला पाणी काढलंय," एवढंच म्हणाली. वेळ उठली. चंद्रीनं शेपूट खाली सोडली आणि ती कोपऱ्यात जाऊन झोपली. फाटकाबाहेरची कुत्री आल्या वाटेनं पांगली.

वेळ बिराजदारांच्या अंगणात खुर्चीवर बसली. हरणी शांत झाली, शेपूट बाजूला घेतली. कोतवालचा मालक साखळी धरून पुढं आला, इराप्पानं हरणीचा पट्टा आवळला. कोतवालनं नाक पुढं केलं आणि हरणीनं त्याचा कान फाडला.

"आता काय?" इराप्पा वेळेकडे बघून गरजला. "तुम्ही तर आलाय!"

"मी आलोय. ती नको म्हणतेय. ते माझ्या खात्यात येत नाही."

"मग कुणाच्या खात्यात येतं? चुकारपणा आहे हा सगळा!" मग तो हरणीकडे वळला. "आणि तू गं! वाण बुडवतेस व्हय?"

आता गौरव्वा भडकली. "तीन पुरुष साखळ्या धरून तोंडाकडं बघत उभे राहिल्यावर ती काय करंल? डॉक्टरला विचारलंत, शेजाऱ्याशी भांडलात, पाव्हण्याचा अपमान केलात. तिला सोडा आधी! दोघांना सोडा आणि आत व्हा सगळे. साहेब, तुमीसुद्धा."

वेळ निमूटपणे उठून आत आली. गौरव्वानं दार लावलं.

इराप्पा रागानं नुसता येरझाऱ्या घालत होता. स्वतःच्याच घरात कोंडला गेल्याचा त्याला संताप आला होता.

"होणार का नाही, तेवढं तरी सांगा."

"मला माहीत नसतं," वेळ म्हणाली. "मी बघायला कधी थांबत नाही."

बऱ्याच वेळानं गौरव्वानं फटीतून पाहिलं आणि हलकेच मागं सरली. "जमलं. दोघं अडकलेत. आता कुणी दार उघडायचं नाही."

कोतवालच्या मालकानं आकाशाला हात जोडले. इराप्पा येरझाऱ्या थांबवून खाली बसला. तरी त्याचा राग काही उतरला नव्हता.

वेळेनं मागच्या दारानं निघायचं ठरवलं. इराप्पा तिथवर पोचवायला गेला, तेही गुरगुरतच. "पुढच्या खेपेला नीट पत्ता बघून..."

आणि तो मध्येच थांबला. हरणीला पुढची खेप नव्हतीच.

वेळेनं चपला पायात सरकवल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि परसातल्या शेवग्याखालून निघून गेली.