पोचल्याची हाळी

आमदाराच्या टोपीवर कौल लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. धाकूतात्या.

कौल देवाला लावतात, एवढं मलाही कळतं. मी महाडची, आमच्या घरात कौलबिल कोणी मानत नाही. पण आणीबाणी उठली त्या साली माझी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर मास्तरीण म्हणून नेमणूक झाली, आणि वाडीच्या काळकाईला कौल लावायचा मान या तात्याच्या घराकडे होता. नाव धाकू आणि उंची अशी की देवळात शिरताना दर वेळी कपाळ आपटायचं. मी आयोडीन लावायची, तो हसायचा.

पोलादपूरहून येणारी एस.टी. ओढ्याच्या अलीकडे थांबायची. शाळा आणि वाडी पलीकडे. मध्ये साकव, म्हणजे दोन ओंडके, त्यांवर बांधलेल्या काठ्या आणि आधाराला एक तार. त्या तारेलाच कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जीव मुठीत धरून अलीकडे आले आणि रस्त्याला लागले, तेवढ्यात वाडीच्या काठावरून आवाज आला.

"बाई, पोचलाव का?"

"दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसताव. पन सांगितलं नाय."

मी म्हटलं, काय ही कटकट. आणि ओरडले, "पोचले."

"मंग जेवतो," असं म्हणून तात्या घरात गेला.

साकवाच्या तोंडाशीच त्याचं घर. वाडीतून रस्त्याकडे जाणाऱ्यानं समोरच्या काठावर पाय टेकला की हाळी द्यायची, हा त्याचा कायदा. हाळी आल्याशिवाय तो भाकरीला हात लावत नसे. पोस्टमन वैतागून सायकलची घंटी वाजवायचा. तात्या ती धरत नसे, तोंडानं सांग म्हणायचा. एकदा एक मुका शेळीवाला गेला, त्याच्या वतीनं बोकडाकडून बें करून घेतलं. वरात निघाली तेव्हा तर त्यानं बँड बंद करवला. सगळे वऱ्हाडी एकेक करून ओरडले, आणि नवरीनं नवऱ्याचं नाव घेण्याआधी पोचल्याची हाळी दिली. सासू अजून म्हणते, पोरगी तिथंच धीट झाली.

पक्क्या साकवासाठी वाडीनं अर्ज करून करून हात टेकले होते. दर उन्हाळ्यात ओव्हरशीअर यायचे आणि टेपचं एक टोक शिपायाला देऊन पलीकडे जा म्हणायचे. शिपाई साकवाकडे बघायचा, मग साहेबांकडे बघायचा. शेवटी दोघं अलीकडचाच काठ मोजून, चहा पिऊन जायचे. एका कचेरीत तर तात्याला सांगितलं, नकाशात तिथं ओढाच दिसत नाही.

"मंग माज्या वहाणा कुनी नेल्या, सायेब?" तात्यानं विचारलं. त्यावर त्याला बाहेर बसायला सांगितलं, आणि तो संध्याकाळपर्यंत बसला.

अशात निवडणूक आली आणि आमदारसाहेब आले. सभा अर्थातच रस्त्याच्या बाजूला. शाळेची एकुलती एक खुर्ची साकवावरून आणून साहेबांखाली दिली होती. वाडीसाठी आपण जिवाचं रान करू, असं ते अर्धा तास सांगत होते. मग तात्या ताट घेऊन पुढे आला. सगळ्यांना वाटलं सत्कार.

त्यानं नारळ फोडला. फुलाच्या दोन पांढऱ्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि साहेबांच्या टोपीला उजवीकडे एक, डावीकडे एक अशा चिकटवल्या.

"हलू नका सायेब. उजवी पडली तर साकव व्हनार. डावी पडली तर नाय."

साहेब उठणार होते, पण समोर अख्खी वाडी हात जोडून बसलेली. देवच तो, करतो काय? बसला. एक माशी नाकावर येऊन बसली. साहेबांनी माशीकडे पाहिलं, डोळे तिरळे झाले, पण हात काही उचलला नाही. साहेबांचा चिटणीस पंख्यानं वारा घालायला धावला, त्याला दोघांनी धरून ठेवलं. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

पाकळ्या काही पडेनात. शेवटी साहेबांनी हळूच, अगदी हळूच, मान उजवीकडे कलती केली. उजवी पाकळी घरंगळली. टाळ्याच टाळ्या. चिटणीस तर नाचलाच.

तात्यानं टाळी वाजवली नाही. "कौल खोटा हाय," तो म्हणाला. "देव गप ऱ्हातो, पन मान वाकडी करीत नाय." मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सायेब, येकदा साकवावरनं जावा. पलीकडनं हाळी द्या. मला दुसरं काय नको."

साहेबांनी साकव पाहिला, मग घड्याळ पाहिलं. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणाले आणि जीप धुरळा उडवत गेली.

खुर्ची डोक्यावर घेऊन तात्या निघाला, त्याच्यामागे मी. शाळेला कुलूप घालून परत साकवाशी आले तरी मला हसू आवरत नव्हतं. मी मान कलती करून दाखवली. तोही हसला. मग म्हणाला, "सोनी आसती तर लय हसली आसती."

सोनी त्याची बायको. वारली एवढंच मला माहीत होतं.

"म्हायेराला निघाली हुती. पावसाचे दिस. मी हितंच हुबा. ती साकवाच्या मदी गेली आन आत भाकरी करपल्याचा वास आला, म्हून मी वळलो. भायेर येऊन बघतो तर साकवावर कुनी नाय. म्हनलं, पोचली." तो तारेवरून हात फिरवत होता. "मी जेवलो, बाई. पोटभर जेवलो. बाजाराच्या दिशी तिचा भाव भेटला, मला इचारतो, सोनी कदी यायाची हाय?"

मी साकवावर पाय ठेवला. रोजच्या त्या काठ्या, पण मला त्या दिवशी त्यांची फार भीती वाटली आणि त्या साहेबाचा फार राग आला. अलीकडे आले, वळून पाहिलं. तात्या कानामागे हात धरून उभा होता. मी त्याला स्वच्छ दिसत होते.

तो तसाच उभा.

"पोचले, तात्या," मी ओरडले. ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा ओरडले. "पोचले हो. जेवा आता."

तेव्हा कुठे त्यानं पाठ फिरवली.