मांजरीला आधी कळतं कसं?

अक्काचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी उत्तर टाकलं नव्हतं. थोरल्या बहिणीने एवढंच विचारलं होतं: 'तुझ्या मांजरीला रेबीजची लस टोचलीस का? टोचली असेल तर नातीला घेऊन राहायला येते. नसेल तर राहू दे.' खोटं लिहायचं धाडस माझ्यात नाही, आणि खरं लिहायची लाज वाटत होती. लस टोचायच्या दिवशी मांजर नेमकी गायब व्हायची.

शेवटी साडूंना बोलावलं. कुलपांच्या कारखान्यात नोकरी झाल्यामुळे आपण कुठलंही रहस्य उघडू शकतो, असं त्यांचं मत आहे. "माझं नाव ऐकून गुन्हेगार शहर सोडतात," ते सांगतात. तरीही शहरात गुन्हे होतात; ते बहुधा बहिरे लोक करत असावेत. मी त्यांचा मदतनीस. म्हणजे पिशवी धरतो आणि 'वा!' म्हणतो.

"घरात कुणीतरी फितूर आहे," साडू म्हणाले. "तुमचा संशय कुणावर?"

"माझ्यावरच." मला नेहमी माझाच येतो.

"छे! तुमच्यात तेवढी कुवत नाही," म्हणत त्यांनी मला निर्दोष सोडलं.

आधी त्यांनी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं. मांजर पसार. मग दवाखान्यातून बातमी फुटते असं ठरलं, म्हणून साडूंनी सांकेतिक भाषेत फोन केला: "उद्या सोफा आणतोय." जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आम्ही सोफ्यांना टोचत नाही." मांजर पुन्हा पसार. शेजारचा कुत्रा दरवर्षी निमूटपणे लस घेतो, म्हणून तो खबऱ्या ठरला. त्याने जबाब दिला नाही.

पुढच्या खेपेला साडू पाळत ठेवायला कपाटात शिरले. मांजर तिथे आधीच बसली होती आणि साडू नेमके तिच्यावर बसले. मांजर खिडकीतून गेली, साडू दारातून. लस न घेतलेल्या मांजरीने ओरबाडलेलं, त्यामुळे आता साडूंनाच इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. मी हळुवारपणे म्हणालो, "घाबरू नका हं, अजिबात दुखत नाही." तेवढ्यात तेही गायब झाले. माळ्यावर सापडले.

आमची ही शेंगा सोलत सगळं बघत होती. "एरवी मांजरीला काय म्हणता तुम्ही?"

"ऊठ चोरटे, माझ्या खुर्चीतून."

"आणि सुईच्या दिवशी?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"बशीत साय घालता. 'राग मानू नकोस गं, बाळा' म्हणता. मी असते तरी पळाले असते."

"मला वाईट वाटतं म्हणून..."

"माझ्याशी गोड बोलायला लागलात की मीसुद्धा आधी विचारते, काय फोडलंत?"

"मी हेच सुचवणार होतो," साडू माळ्यावरून म्हणाले.

"तुम्ही उतरा आधी. नाटकं पुरे!" ही कडाडली. साडू उतरले आणि टोचून घ्यायला गेले.

दुसऱ्या सकाळी मी मांजरीवर नेहमीसारखा खेकसलो. ती जांभई देऊन खुर्चीतच पडून राहिली. उचलली, टोपलीत घातली आणि झाकण लावलं. सुई टोचली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा फसवणूक झाल्याचा भाव जास्त होता. दवाखान्यातून आल्यावर तिची क्षमा मागायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

मग पत्र लिहायला बसलो. 'प्रिय अक्का, तुझी किती किती आठवण येते, तुझ्यासारखी बहीण...'

हिने खांद्यावरून वाचलं. "हे वाचून त्या यायच्या नाहीत."

"का?"

"यात 'पण' कुठे आहे ते शोधत बसतील."

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'अक्का, मांजरीला टोचून आणलंय. आता सबबी सांगू नकोस. नातीला घेऊन ये आणि चांगली महिनाभर राहा.' वाचून पाहिलं तर फारच उद्धट वाटलं. शेवटी 'कृपया' घालावं का, या विचारात मी टपालपेटीपर्यंत चालत गेलो. पेन घरी राहिलं होतं, म्हणून तसंच टाकलं.