अंगणातला खोटा स्वयंपाक

गेल्या उन्हाळ्यात माझी काकू आठ दिवस अंगणात खोटा स्वयंपाक करत होती. चूल नाही, पीठ नाही. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखलेलं घर, आणि त्यातल्या एका चौकोनात उभी राहून ती हवेत भाकरी थापायची. येणारे-जाणारे फाटकाशी थबकून बघायचे.

कुंभार पिंपळगावातलं हे घर आजोबांनी बांधलेलं. पुढे ऐसपैस बैठक, आणि तीन खोल्या ओलांडल्यावर मागे स्वयंपाकघर. तिथं भरदुपारीही दिवा लावावा लागे. काकूला ते सगळं बदलायचं होतं. मी जालन्यात घरांचे नकाशे काढतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी संगणकावर छान रंगीत नकाशा काढून नेला. काकूनं तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि घडी घालून लोणच्याच्या बरणीखाली ठेवला.

"कागदावर कोणालाबी घर बांधता येतं. चालून पाह्यल्याबिगर मला कळत न्हाई."

मग रशीद मिस्त्रींनी तिच्या सांगण्यावरून अंगणात खऱ्या मापाचं घर आखलं. मला पाहुणा केलं.

"बस तिथं. आता पाणी माग."

"काकू, पाणी."

ती आखलेल्या माठापासून निघे, पावलं मोजत येई आणि रिकामा हात माझ्यापुढे धरी. "एकोणीस. बराबर न्हाई. पुसा, मिस्त्री." एकदा मी घाईत रेघ ओलांडली, तर ओरडली, "आरं, भिंतीतून चाल्लास की! इंजिनिअर हायेस ना?"

मिस्त्री मान हलवायचे. "चाळीस साल झाले काम करून, काकू. पण बांधायच्या आधीच दहादा पाडलेलं घर पहिल्यांदा पाहून राह्यलो."

अकराव्या आखणीत ओटा थेट बैठकीत आला. मध्ये फक्त कमरेइतकी भिंत, आणि शेगडी अशी की रांधणारीचं तोंड रस्त्याकडच्या दाराकडे.

काका भडकले. गावात त्यांच्या शब्दाला मान. भावाभावांतले कितीतरी वाद त्या बैठकीत मिटलेले. "बैठकीत फोडणी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, चहा गरम भेटला."

मी सुचवलं, ओटा खिडकीखाली घेऊ, उजेड जास्त मिळेल. बाकी सगळं ऐकणारी काकू तेवढ्यावर हलेना. "दारच दिसलं पाहिजे. बिलकुल बदलू नको."

दिवाळीआधी घर झालं. खरं सांगतो, इतकं सोयीचं घर मी अजून काढलेलं नाही. आता मी जालन्याची गिऱ्हाइकं गाडीत घालून ते बघायला नेतो. काकू पावलं मोजून दाखवते आणि छाती माझी फुगते.

मागच्या महिन्यात एकटाच गेलो होतो. काकू भाकरी थापत होती. बोलता बोलता काका उठले, चपला घातल्या आणि दाराबाहेर पाऊल टाकलं.

"अहो, भाजीचं मीठ बघता का जरा?"

काका वळले. ओट्याशी येऊन तळहातावर रस्सा घेतला, चाखला, "थोडं घाल" म्हणाले आणि तिथल्याच स्टुलावर बसले. कुठं निघाला होता, असं मी विचारलं, तर पायातल्या चपला निरखू लागले.

ते हात धुवायला आत गेले तेव्हा काकू हळूच म्हणाली, "दोनदा गेल्ते असे. एकदा तर घनसावंगीच्या स्टँडवर सापडले. गावाचं नाव सांगता येईना त्यान्ला. अन् मी मागं अंधारात भाकरी करत बसल्ते, मला पत्ताच न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "त्यांच्यासमोर काढू नको. गावाला सल्ला देणारा माणूस हाय."

तेवढ्यात शेजारचे गुरुजी आले आणि ओट्याचं कौतुक करू लागले. काका परत येऊन स्टुलावर ताठ बसले.

"कल्पना माझीच. ही तर नकोच म्हणत होती."

मी काकूकडे पाहिलं. तिनं गुरुजींसाठी चहाचं आधण ठेवलं, पदर सावरला आणि ठसक्यात म्हणाली,

"खरंय, गुरुजी. ह्यांच्यापायीच झालं सगळं."